कृष्णधवल प्रिंटवर हिरवी-गुलाबी झाक : कुठून येते आणि कशी घालवायची

स्क्रीनवर स्वच्छ करडा दिसणारा फोटो कागदावर हिरवट, गुलाबी किंवा जांभळट होऊन येतो. वारीचे फोटो छापणारे हौशी फोटोग्राफर असोत, की कुणाच्या आजोबांचा जुना फोटो मोठा करून देणारा तालुक्याच्या गावातला स्टुडिओ, माझ्याकडे प्रिंट घेऊन येणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा हीच. आणि येतानाच त्यांनी ठरवलेलं असतं की आता महागडं सॉफ्टवेअर घ्यावं लागणार. सहसा लागत नाही. खाली तपासण्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. सुरुवातीच्या फुकट आहेत, पैसे शेवटी लागतात.

आधी लक्षण नीट ओळखा

नुसतं "रंग मारतोय" म्हणून भागत नाही. कोणता रंग, फोटोच्या कोणत्या भागात आणि कुठल्या उजेडात, हे सांगता आलं की अर्धं निदान झालं.

– सगळ्या प्रिंटवर गुलाबी-जांभळट झाक आणि प्रिंट अपेक्षेपेक्षा गडद: रंगांची दुरुस्ती दोनदा होते आहे. सर्वांत जास्त आढळणारी भानगड हीच.

– आकाश हिरवट पण सावल्या लालसर, म्हणजे उजळ भागात एक रंग आणि गडद भागात दुसरा: प्रोफाइल (ठरावीक कागद-शाईवर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) एका कागदाचं, छपाई दुसऱ्यावर. नाहीतर शाई बदलली आहे.

– घरातल्या दिव्याखाली ठीक, खिडकीशी नेला की हिरवा: सेटिंगचा दोष नाही, करडा रंग ज्या शायांनी बनला आहे त्यांचा आहे.

– झाकेसोबत बारीक समांतर रेघा: नोझलचा, म्हणजे शाई फवारणाऱ्या बारीक छिद्रांचा दोष.

– काळा रंग काळा न वाटता धुरकट, किंवा उलट, सावल्यांतला सगळा तपशील गिळलेला: कागदाचा प्रकार चुकीचा निवडलाय, नाहीतर स्क्रीन फार प्रखर आहे.

– प्रिंट तिरकी धरल्यावर काळ्या भागावर तांबूस चमक: याला ब्राँझिंग म्हणतात. पिगमेंट शाई (बारीक रंगकणांची) चकचकीत कागदावर वापरली की होतं. ही झाक नव्हे, आणि प्रोफाइल बदलून जाणारही नाही. लस्टर (अर्धचकचकीत) किंवा मॅट कागद घ्या.

करडा एवढा अवघड का

आपल्याकडच्या स्टुडिओंमध्ये एप्सन एल ८०५ आणि एल १८०० सारखे सहा रंगांचे प्रिंटर सर्रास असतात. काळा, सायन, मॅजेंटा, पिवळा, फिका सायन, फिका मॅजेंटा. यात करडी शाई नाही. म्हणजे फोटोतला मधला करडा हा बराचसा रंगीत शायांचं मिश्रण असतो. लाल साडी जराशी जास्त लाल छापली गेली तर कुणाच्या लक्षात येत नाही. करड्यात मात्र तेवढाच फरक डोळ्याला लगेच खुपतो.

करड्या शायांचे प्रिंटर वेगळे. एप्सनने २००५ साली आर २४०० या मॉडेलसोबत काळ्याच्या तीन पातळ्या असलेली शाई आणली. आजच्या पी ९०० मध्ये दोन काळ्या आणि दोन करड्या शाया आहेत. कॅननच्या प्रो-१००० मध्येही दोन काळ्या, दोन करड्या. टाकीवाल्या स्वस्त वर्गात एप्सन एल ८१८० मध्ये एक करडी शाई आहे. हे प्रिंटर करडा बराचसा करड्यानेच छापतात, रंगीत शाई नावापुरती. आपला प्रिंटर या दोनपैकी कोणत्या गटातला, हे आत्ताच बघून ठेवा. पुढे त्यावर बरंच अवलंबून आहे.

१. प्रिंट वाळू द्या आणि खिडकीशी न्या

डाय शाईचा (विरघळलेल्या रंगाच्या शाईचा) रंग पहिले काही तास बदलत असतो. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात तर जास्तच, कारण कागदाने आधीच दमट हवा ओढून घेतलेली असते. ट्रेमधून बाहेर आलेल्या ओल्या प्रिंटवरून निकाल देऊ नका, रात्रभर राहू द्या. उरलेला कागद पिशवीत बंद ठेवा.

मग तीच प्रिंट दिवसा सावलीतल्या उजेडात आणि रात्री एलईडीखाली बघा. झाक उजेडाप्रमाणे बदलत असेल तर सेटिंगमध्ये कितीही खटपट केली तरी एका उजेडात जुळेल आणि दुसऱ्यात बिघडेल. २००० साली आलेला एप्सनचा स्टायलस फोटो २०००पी यासाठीच गाजला होता. घरात सुरेख, बाहेर हिरवा. रंगीत शाया जितक्या कमी, तितका हा त्रास कमी. म्हणून करड्या शायांचे प्रिंटर इथे उजवे ठरतात. सहा रंगांच्या प्रिंटरवर काम असेल तर प्रिंट जिथे टांगणार तिथल्या उजेडात जुळवायची आणि पुढे जायचं.

दोन्ही उजेडांत झाक सारखीच असेल तर पुढची पायरी.

२. फाइल खरंच करडी आहे का?

फोटोशॉपमध्ये इन्फो पॅनेल उघडून कर्सर चार-पाच ठिकाणी फिरवा. लाल, हिरवा आणि निळा, तिन्ही आकडे प्रत्येक ठिकाणी एकसारखे हवेत. जुने फोटो स्कॅन करून आणले की इथेच गोम सापडते. स्कॅनरने पिवळटपणा जसाच्या तसा उचललेला असतो आणि डोळा स्क्रीनवर त्याला सरावतो. ब्लॅक अँड व्हाइटचा लेअर घाला, आकडे सारखे होतील.

फाइल ग्रेस्केलमध्ये असेल तर तिच्यावरचं प्रोफाइलही बघा. अमेरिकी प्रीसेटमध्ये फोटोशॉपची ग्रे वर्किंग स्पेस, म्हणजे करड्या फाइलसाठीचं मूळ प्रोफाइल, डॉट गेन २० टक्के असते. ती ऑफसेट छपाईसाठीची आहे. एक प्रोग्रॅम हे प्रोफाइल वाचतो, दुसरा वाचत नाही, आणि मग तोच फोटो दोन ठिकाणी वेगवेगळा गडद दिसतो. कन्व्हर्ट टू प्रोफाइल वापरून ग्रे गॅमा २.२ करा, किंवा सरळ आरजीबीत आणा. असाइन प्रोफाइल वापरू नका. त्याने आकडे तसेच राहतात आणि फोटोचं दिसणं बदलतं, आपल्याला नेमकं उलटं हवं आहे.

३. नोझल चेक

साध्या ए-फोर कागदावर छापा, एक मिनिटाचं काम. कृष्णधवल छापताना नोझल कशाला, असं वाटतं. पण वर सांगितल्याप्रमाणे करडा रंगीत शायांनी बनतो, म्हणून एक शाई कमी पडली की उरलेल्या वरचढ होतात. फिका सायन तुटला की प्रिंट लालसर, फिका मॅजेंटा तुटला की हिरवट, पिवळा तुटला की निळसर. रंगीत फोटोत एखाद-दुसरी तुटलेली रेघ खपून जाते, इथे नाही.

तुटलं असेल तर हेड क्लीनिंग करा, पुन्हा नोझल चेक. दोन-तीनदा करूनही सुधारलं नाही तर थांबा आणि प्रिंटर काही तास तसाच ठेवा. क्लीनिंगवर क्लीनिंग मारत बसलात तर शाई वाया जाते आणि वेस्ट इंक पॅड (वाया गेलेली शाई शोषणारा प्रिंटरमधला पॅड) भरतो, दुसरं काही साधत नाही. एक खूण लक्षात ठेवा: दर वेळी त्याच जागची रेघ तुटत असेल तर ते नोझल चोंदलं आहे. तुटकी जागा दर वेळी बदलत असेल तर नळीत हवा शिरली आहे किंवा शाई पोचत नाही, तिथे क्लीनिंगचा उपयोग नसतो.

४. ड्रायव्हर कंपनीचाच आहे ना?

ड्रायव्हर म्हणजे संगणकावरून प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम. प्रिंटर वायफायवर जोडला की मॅक तो आपोआप अ‍ॅपलच्या एअरप्रिंटने जोडून घेतो आणि विंडोज आपला सर्वसाधारण आयपीपी ड्रायव्हर लावतो. छपाई होते, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण या ड्रायव्हरमध्ये कलर करेक्शन बंद करायची सोय बहुधा नसते, कागदाचे प्रकार दोन-चारच असतात आणि कृष्णधवलचा खास मोड गायब असतो. "तुम्ही सांगता ती खिडकीच येत नाही" असा फोन आला की मी आधी हेच विचारते. प्रिंटर काढून टाका, कंपनीच्या साइटवरून पूर्ण ड्रायव्हर उतरवा आणि तो निवडून पुन्हा जोडा.

बंद झालेला त्रास महिन्या-दोन महिन्यांनी परत येतो, त्याचं कारणही पुष्कळदा इथेच असतं. सिस्टिम अपडेट झाली की ड्रायव्हर बदलतो किंवा सेटिंग मूळपदावर जातं. चालणारी सेटिंग ड्रायव्हरमध्ये नाव देऊन सेव्ह करा आणि तिचे स्क्रीनशॉटही काढून ठेवा.

५. कागदाचा प्रकार

ड्रायव्हरमधला मीडिया टाइप म्हणजे नुसतं लेबल नाही. किती शाई टाकायची हे त्यावर ठरतं, आणि दोन काळ्या शाया असलेल्या प्रिंटरवर फोटो ब्लॅक वापरायची की मॅट ब्लॅक, हेही त्यावरच. चकचकीत कागदावर मॅट ब्लॅक बसत नाही, बोटाला लागते. मॅट कागदावर फोटो ब्लॅक टाकली तर काळा करडाच दिसतो. आणि साधा कागद निवडून फोटो पेपरवर छापलंत तर प्रिंट फिकी आणि झाकेची.

बिननावाचा, पाठीमागे काहीच न छापलेला २७० जीएसएम ग्लॉसी असेल तर प्रीमियम ग्लॉसीपासून सुरुवात करा, मग सेमीग्लॉस करून बघा. दोन छोटे तुकडे छापून शेजारी ठेवले की कळतं.

६. रंगांचा कारभार एकाच्याच हाती

इथे घाई करू नका. झाकेच्या बहुतेक तक्रारी या एका ठिकाणी सुटतात.

फोटोतले आकडे प्रिंटरच्या शायांत बदलण्याचं काम कुणीतरी एकानेच करायचं असतं, फोटोशॉपने तरी किंवा ड्रायव्हरने तरी. दोघांनी केलं तर आमटीत सासूने मीठ घातलं आणि सुनेनेही घातलं, तसं होतं. प्रिंट गडद आणि गुलाबी-जांभळट निघते.

पहिला मार्ग: फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीत 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडा, खाली त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल, रेंडरिंग इंटेंट रिलेटिव्ह कलरिमेट्रिक आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू. मग त्याच खिडकीतून 'प्रिंट सेटिंग्ज'मध्ये जाऊन ड्रायव्हरची दुरुस्ती बंद करा. एप्सनमध्ये कलर करेक्शन 'कस्टम' करून आत 'नो कलर अ‍ॅडजस्टमेंट'. कॅननमध्ये कलर मॅन्युअलवर नेऊन मॅचिंगच्या टॅबमध्ये 'नन'. ही दुसरी अर्धी पायरी हमखास राहते, कारण ती दुसऱ्याच खिडकीत दडलेली असते. मॅकवर फोटोशॉपने कारभार घेतला की ड्रायव्हरचा हा भाग सहसा आपोआप बंद होतो. विंडोजवर तो तुम्हालाच बंद करावा लागतो.

दुसरा मार्ग: 'प्रिंटर मॅनेजेस कलर्स' आणि ड्रायव्हरची दुरुस्ती चालू. कागद प्रिंटरच्याच कंपनीचा आणि शाईही मूळची असेल तर हा मार्ग वाईट नाही.

दोन्हीकडे बंद ठेवलंत तर कारभाराला कुणीच उरत नाही, आणि तेही प्रिंटमध्ये दिसतं.

लाइटरूममध्ये हीच निवड प्रिंट मोड्यूलच्या कलर मॅनेजमेंटमध्ये असते. तिथे ड्राफ्ट मोड चालू राहिला असेल तर प्रोफाइलची निवडच बंद होते, आधी तो काढा. आणि विंडोजच्या फोटो बघायच्या प्रोग्रॅममधून, किंवा फोनवरून, कृष्णधवल छापूच नका. काय चाललंय ते तिथे दिसतच नाही.

७. ड्रायव्हरचा कृष्णधवल मोड

करड्या शायांचा प्रिंटर असेल तर माझं मत स्पष्ट आहे: बाहेरचं सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी हा मोड मनापासून वापरून बघा. एप्सनच्या वरच्या मॉडेलांत त्याचं नाव 'अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट फोटो', कॅननच्या प्रो मालिकेत 'ब्लॅक अँड व्हाइट फोटो'. यात प्रिंटर काळ्या-करड्या शायांवर भर देतो आणि छटा सांभाळण्यापुरतीच रंगीत शाई टाकतो. कार्बनच्या काळ्याची स्वतःची छटा थोडी उबदार असते, तेवढी ती पुसली जाते. प्रिंट तटस्थ येते आणि उजेडाप्रमाणे फारशी बदलत नाही.

हा मोड वापरताना फोटोशॉपमध्ये 'प्रिंटर मॅनेजेस कलर्स'च ठेवा. कागदाचं रंगीत प्रोफाइल इथे लावायचं नसतं, कारण ते या शाई-मिश्रणासाठी बनलेलंच नाही. एप्सनमध्ये टोनची मूळ निवड बहुतेक मॉडेलांवर 'डार्कर' असते. प्रिंट गडद वाटली तर फोटो उजळायच्या आधी ती 'डार्क' किंवा 'नॉर्मल' करून बघा. थोडी थंड किंवा उबदार छटा हवी असेल तर रंगचक्र तिथेच आहे. एप्सन प्रिंट लेआउट आणि कॅननचं प्रोफेशनल प्रिंट अँड लेआउट ही दोन्ही फुकट मिळतात, त्यांतून हा मोड वापरणं जास्त सोपं जातं.

सहा रंगांच्या प्रिंटरवर असा मोड नाही, फक्त 'ग्रेस्केल'ची चौकट असते. तिच्यावर टिक केल्यावर निव्वळ काळी शाई पडते की मिश्रण, हे मॉडेल आणि कागदाच्या निवडीवर ठरतं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पट्टी छापा आणि उजळ भाग भिंगातून बघा. रंगीत ठिपके दिसले तर मिश्रण. फक्त काळे दिसले तर झाक जवळजवळ गेलीच, मात्र उजळ भाग थोडा रवाळ दिसेल. मॅट कागदावर, हातभर अंतरावरून, हा रवाळपणा मला तरी आवडतो. चेहऱ्याच्या फोटोला नको.

८. पायऱ्यांची पट्टी आणि स्क्रीन

पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची करडी पट्टी बनवा आणि प्रत्येक बदलानंतर पूर्ण फोटोऐवजी तीच छापा. कागद वाचतो, आणि झाक नेमकी कोणत्या पायरीवर सुरू होते ते दिसतं. शेवटच्या तीन-चार काळ्या पायऱ्या वेगळ्या दिसायला हव्यात.

पट्टी ठीक आणि फोटो तरी गडद? मग दोष स्क्रीनचा. नव्या लॅपटॉपचा पडदा पूर्ण उजेडावर ठेवून कुणीही फोटो गडदच करणार. छपाईच्या कामाला ८० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर पुरतात. मोजायचं यंत्र नसेल तर कोरा कागद खोलीच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरा आणि स्क्रीनवरचा पांढरा त्याच्या जवळपास येईपर्यंत उजेड कमी करा.

९. स्वतःच्या कागद-शाईचं प्रोफाइल

इथून पैसे सुरू. बाहेरची, लिटरच्या बाटलीतली शाई वापरत असाल तर कागदाच्या कंपनीचं प्रोफाइल तुमच्या कामाचं नाही. ते मूळ शाईवर मोजलेलं असतं. उजळ भागात एक रंग आणि सावल्यांत दुसरा, हे लक्षण असेल तर एकच स्लायडर ओढून ते जाणार नाही. एकीकडे सुधारलं की दुसरीकडे बिघडतं. अशा वेळी तुमच्याच प्रिंटरवर, तुमच्याच कागदावर छापलेला रंगीत चौकटींचा तक्ता स्पेक्ट्रोफोटोमीटरने (रंग मोजण्याच्या यंत्राने) मोजून प्रोफाइल बनवणं हाच उपाय.

यंत्र विकत घ्यायला हवंच असं नाही. तक्ता छापून पाठवला की मोजून प्रोफाइल करून देणारे असतात. स्वतः करायचं असेल तर अर्गिलसीएमएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात करड्या चौकटी वाढवता येतात. कृष्णधवलसाठी त्या जरूर वाढवा. तक्ता छापताना मात्र कुठलंच कलर मॅनेजमेंट लागता कामा नये. फोटोशॉपमधली ती सोय २०१० च्या सीएस ५ पासून काढली आहे, म्हणून अडोबी कलर प्रिंटर युटिलिटी किंवा तसंच दुसरं काही वापरा. तक्ता रात्रभर वाळू द्या, मग मोजा. आणि शाईची कंपनी बदललीत की हे प्रोफाइल निकालात निघालं असं समजा. स्वस्त शाईत तर एका बाटलीची दुसरीशी जुळेलच असंही नाही. म्हणून कृष्णधवल नियमित छापणाऱ्यांना मी मूळ शाईच घ्या म्हणते.

१०. आरआयपी

आरआयपी म्हणजे ड्रायव्हरच्या जागी छपाई चालवणारं सॉफ्टवेअर. क्वाडटोन आरआयपी हे रॉय हॅरिंग्टन यांचं शेअरवेअर. ते एप्सनचा ड्रायव्हर बाजूला सारून प्रत्येक शाई किती पडावी हे तुमच्या हाती देतं. ताबा पूर्ण मिळतो, जबाबदारीही पूर्ण येते. प्रत्येक कागदासाठी शाईच्या प्रमाणाचा वक्र (कर्व्ह) बनवायचा, पट्टी छापायची, मोजायची, सरळ करायची. पिझोग्राफीच्या निव्वळ काळ्या-करड्या शाया वापरणाऱ्यांना किंवा डिजिटल निगेटिव्ह काढून प्लॅटिनम-सायनोटाइप या जुन्या पद्धतींच्या प्रिंट करणाऱ्यांना ते हवंच. महिन्याला चार फोटो छापणाऱ्याला नको. घ्यायचंच असेल तर तुमचं मॉडेल त्याच्या यादीत आहे का ते आधी बघा. आणि पहिल्या आठ पायऱ्या न करता आरआयपी घेतलंत, तर चोंदलेलं नोझल तिथेही चोंदलेलंच असेल.

कुठे थांबायचं

क्लीनिंग, रात्रभर विश्रांती आणि पुन्हा एकदा क्लीनिंग करूनही तीच रेघ तुटत असेल तर सर्व्हिस सेंटर. इंजेक्शनच्या सिरिंजने हेडमध्ये द्रव मारण्याचे व्हिडिओ बघून ते करू नका. दाब जास्त झाला की हेड कायमचं जातं आणि जुन्या प्रिंटरच्या बाबतीत हेडची किंमत प्रिंटरच्या किमतीजवळ जाते. एखादा रंग रेघा तुटण्याऐवजी अख्खाच गायब असेल तर बिघाड विजेच्या बाजूचा असू शकतो, तिथे आपण हात घालायचा नाही.

वेस्ट इंक पॅड भरल्याचा संदेश आला तर नेटवरच्या रीसेट सॉफ्टवेअरने आकडा शून्य होतो, पॅड रिकामा होत नाही. पुढे शाई टेबलावर येते. पॅड बदलून घ्या.

प्रदर्शनासाठी किंवा विक्रीसाठी छापायचं असेल आणि हातात सहा रंगांचा डाय प्रिंटर असेल, तर सेटिंगशी झटापट न करता फाइल पिगमेंट शाईच्या लॅबकडे द्या. सोबत ती २१ पायऱ्यांची पट्टीही द्या आणि आधी एक छोटी चाचणी प्रिंट मागा. दुरुस्तीवाल्याकडे किंवा प्रोफाइल करून देणाऱ्याकडे जातानाही नोझल चेकचा कागद, पट्टीची प्रिंट, ड्रायव्हरचे स्क्रीनशॉट आणि शाई-कागदाची नावं घेऊन जा. नाहीतर तोही पहिल्या पायरीपासून सुरू करणार, आणि त्याचे पैसे तुम्हीच देणार.